विश्रांती कोणाची?

आठवड्याची सुटी म्हणजे पुढचे सहा दिवस राबता यावे म्हणून अंगी पुन्हा बळ भरण्याची सवलत, असा सर्वसाधारण समज आहे. कारखान्याच्या आणि कचेरीच्या हिशेबात तो खराही असेल. बायबलमधील शब्बाथाची कल्पना मात्र याच्या नेमकी उलट आहे. ‘उत्पत्ती’च्या आरंभी देव सहा दिवसांत सृष्टी निर्माण करतो आणि सातव्या दिवशी थांबतो. त्याला थकवा आला होता, असे कोणी म्हणणार नाही. त्या ग्रंथात प्रथम पवित्र ठरविला जातो तो डोंगर नव्हे, नदी नव्हे, मंदिर तर नव्हेच. तो एक दिवस आहे. मनुष्य घडविला गेला सहाव्या दिवशी. म्हणजे त्याच्या वाट्याला आलेला पहिला पूर्ण दिवस विश्रांतीचाच होता, काम त्यानंतरचे.

दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा येतात आणि शब्बाथाचे कारण दोन्ही ठिकाणी निराळे दिले आहे. याकडे व्हावे तितके लक्ष जात नाही. ‘निर्गम’मध्ये सृष्टीच्या निर्मितीचा दाखला आहे, ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात मात्र मिसर देशातील गुलामगिरीचे स्मरण करून दिले आहे. विटा पाडणाऱ्या गुलामाला सुटी नसते. मोशेने आपल्या लोकांसाठी उपासनेकरिता तीन दिवसांची मोकळीक मागितली, तेव्हा फारोने त्यांना आळशी ठरविले, विटांसाठीचा पेंढा देणे बंद केले आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली. (कचेरीत आयुष्य घालविलेल्यांना ही युक्ती अपरिचित वाटू नये.) ज्यांनी हे भोगले, त्यांना दिलेल्या आज्ञेत मुलगा-मुलगी, दास-दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परकाही मोजला आहे. स्वतः विसावा घेतल्याने शब्बाथ पुरा होत नाही. हाताखालच्याला तो मिळाला काय, हा खरा प्रश्न आहे. त्या यादीत पत्नीचे नाव नाही. ‘तू’ या शब्दातच ती आली, असे समजायचे. शुक्रवारी सूर्यास्तापूर्वीच स्वयंपाक उरकण्याची यहुदी रीत या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. आपल्याकडील रविवारी घरातील इतर सर्वांना सुटी असते आणि चूल मात्र दुप्पट पेटते!

थांबणे याला श्रद्धा लागते. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे, तो उद्यासाठी साठविला की किडे पडून नासे. सहाव्या दिवशी दुप्पट मिळे आणि तो मात्र टिके. आपण हात आखडला तरी जग चालते, हे मान्य करणे अहंकाराला फार जड जाते. आमोस संदेष्ट्याने ज्या व्यापाऱ्यांवर कोरडे ओढले, ते शब्बाथ मोडीत नव्हते. दिवस कधी संपतो आणि खोट्या तागडीने धान्य विकायला कधी बसतो, एवढीच त्यांना घाई होती. येशूने वाळलेल्या हाताच्या मनुष्यास शब्बाथाच्याच दिवशी बरे केले, तेही आज्ञेचा उपमर्द म्हणून नव्हे. पीडिताची सुटका हाच तिचा मूळ हेतू होता.

कोकणात ही आज्ञा परकी नव्हती. तेथील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. घाणा थांबला की त्याला जुंपलेला बैलही थांबे. त्या यादीत बैलाचे नाव आहेच.