हलक्या धातूचं मोल

दुचाकीच्या इंजिनाचं ॲल्युमिनियमचं कव्हर हातात घ्या. त्याचा हलकेपणा लगेच जाणवतो. ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या सुमारे एक-तृतीयांश. शुद्ध ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं. त्याचा वितळलेला मिश्रधातू प्रचंड दाबाने पोलादी साच्यात सोडला, की थोड्याच वेळात घट्ट होऊन तयार भाग बाहेर पडतो. हेच डाय कास्टिंग. गाडीचं वजन घटलं की इंधन वाचतं. विजेवरची गाडी त्याच बॅटरीवर जास्त अंतर धावते.

महाराष्ट्रात या कामाचं मोठं केंद्र म्हणजे संभाजीनगरजवळचं वाळूज. 1985 मध्ये स्थापन झालेली एन्ड्युरन्स कंपनी तिथूनच देशात आघाडीवर गेली.

1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशिम जिल्हा मात्र आजही सोयाबीन-तुरीवर आणि पावसाच्या भरवशावर जगतो. इथली पोरं कामासाठी पुण्याची, संभाजीनगरची वाट धरतात. आता समृद्धी महामार्ग कारंजा, मालेगाव तालुक्यांतून जातो. हा रस्ता फक्त पोरं नेण्यासाठी नको, काम आणण्यासाठीही हवा.

सुरुवात मोठ्या भट्टीने करायची गरज नाही. कास्टिंगच्या कडा साफ करणं, सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रावर छिद्रं पाडणं, साच्यांची दुरुस्ती ही कामं छोट्या शेडमध्येही होतात. त्यासाठी आयटीआयमध्ये ‘टूल अँड डाय मेकर’चं पक्कं शिक्षण आणि एमआयडीसीत अखंड वीज हवी. ही मागणी आपण सगळ्यांनी मिळून लावून धरूया.

– संपादक