एका मणक्यावरून बारसं

परवा भाच्याचा फोन आला. चांगलाच तापला होता. "मामा, आपल्या विदर्भाचा डायनासोर रद्द केला म्हणे! चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याचा टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी. नाव इंग्रजानं ठेवलं, खोडलं तेही बाहेरच्यांनीच, अन् आपण गप्प?"

मी म्हटलं, बाबा रे, खोडलं ते योग्यच. फोनवर पटवता आलं नाही म्हणून इथे लिहितो.

लायडेकर साहेबाने १८७७ मध्ये जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही जात जाहीर केली. दोन वर्षांनी पिसदुऱ्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून ब्लॅनफोर्डी. पुढून खोलगट आणि मागून चेंडूसारखा गोल, अशी मणक्याची घडण. त्या काळी ती निराळी वाटली, यात साहेबाचा दोष नाही. पण पुढे तसेच मणके असलेले शाकाहारी डायनासोर अर्जेंटिनासकट कितीतरी देशांत निघाले. मग ती एका जातीची खूण कसली? ती तर सगळ्या भाऊबंदांची! नाकावरून घराणं ओळखू येईल, पण चार भावांतला हा कोणता, ते कसं सांगणार? शिवाय एकाच जनावराच्या शेपटीतले मणके बुडापासून टोकापर्यंत बदलत जातात. २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च यांनी दोन्ही नावं संशयास्पद ठरवली.

भाच्याचं पुढचं म्हणणं, इंडिकसचा हरवलेला मणका २०१२ मध्ये कोलकात्यात सापडला, आता तरी नाव परत आणा. अरे, हरवलेली उत्तरपत्रिका सापडली म्हणून अपुऱ्या उत्तराला पूर्ण मार्क द्यायचे का? मी तरी कधी दिले नाहीत.

आमच्या पवनीत जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये उत्खनन झालं. तिथला स्तूप काही कुणी एका विटेवरून ओळखला नाही.

अभिमानच धरायचा तर डोंगरगावचा धरा. तेही चंद्रपूर जिल्ह्यातच, वरोऱ्याकडे. तिथे मान, पाठ, कंबर, शेपटी असे सगळीकडचे मणके आणि पुढच्या पायाची हाडं मिळाली. जैन आणि बंदोपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्यांचं रीतसर वर्णन केलं. आणि गंमत म्हणजे, ज्या निबंधात ती दोन नावं खोडली, त्याच निबंधात या डोंगरगावच्या जनावराला आयसिसॉरस हे नवं नाव मिळालं. भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून! हे भाच्याच्या बातमीत नव्हतं.

असो. दिवाळीत त्याला डोंगरगावला चल म्हटलंय. गाडी त्याची, डबा आमच्या घरचा.