आजा एक, नावं तीन. मग चूक कुणाची?



आमच्या घरचा वनहक्काचा दावा उपविभागीय समितीकडून परत आला. शेरा दीड ओळीचा : 'नावात तफावत. वंशावळ जुळत नाही.' असाच शेरा घेऊन बसलेली माणसं तुमच्याही पाड्यावर असतील. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आमच्या फायलीत आज्याचे कागद तीन. 1959 ची जंगलखात्याची दंडाची पावती, तिच्यावर 'लख्या'. शाळेच्या जनरल रजिस्टरात माझ्या बापाच्या नावापुढे 'लक्ष्मण'. आणि कोतवाल बुकाची नक्कल : 'लखमा', मयत, 1956. साहेब म्हणाले, "छप्पन साली मेलेला माणूस एकोणसाठला दंड कसा भरतो?" कचेरीतले सगळे हसले. आम्ही खाली मान घालून बाहेर आलो.

घरी आल्यावर विचार केला, ही नावं लिहिली कुणी? घरात आज्याला लखमाच म्हणायचे. गार्डानं हाक मारली तसं लिहिलं, 'लख्या'. माणूस केवढाही मोठा असो, आदिवासी म्हटला की अरे-तुरे. मास्तरांना लखमा हे नाव अडाणी वाटलं, त्यांनी 'लक्ष्मण' करून टाकलं. वर बापाची जन्मतारीख 1 जून घातली. शाळेच्या हिशेबानं आमच्या पाड्यावरची अर्धी माणसं 1 जूनलाच जन्मली आहेत! आपल्या जव्हारकडे तर संस्थानाच्या वेळचे कागदही निघतात. संस्थान 1948 साली विलीन झालं, पण कागद मोडीतच राहिले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नसत, शब्द सलग लिहीत. पुढं बाळबोधीत उतरवणाऱ्याला जे लागलं ते त्यानं उतरवलं. आमच्या आज्याच्या हातात लेखणी कधीच नव्हती. त्यानं फक्त अंगठा दिला. मग तफावतीचा जाब आम्हाला का?

दंड वसूल करायचा होता तेव्हा 'लख्या' म्हणून आजा बरोबर सापडला. त्याच जागेचा हक्क द्यायची वेळ आली की तो कोण, ते कुणाला कळेना!

आता त्या मेलेल्या लखमाचं सांगतो. नक्कल पुन्हा नीट वाचली. बापाचं नाव वेगळं. पाडा खालचा, आमचा तर वरचा. माझ्या बापाच्या आत्याला विचारलं. ती म्हणाली, "त्यो लखमा येगळा रं. त्याला खांदा द्याया तुजा आजा गेलता." म्हणजे कोतवाल बुक खोटं नव्हतं, पण ते दुसऱ्याच माणसाचं होतं. आणि ती नक्कल फायलीत लावली कुणी? आम्हीच! नाव दिसलं, हरखलो, लावून मोकळे झालो. ही आमची चूक, ती कबूल करतो. पण ज्यांना वाचायचा पगार मिळतो त्यांनीही नावापलीकडे वाचलं नाही आणि अख्खा दावा परत पाठवला.

कायदा काय म्हणतो ते पाठ करून ठेवा. 75 वर्षांचा, तीन पिढ्यांचा पुरावा आदिवासीला लागत नाही. ती अट इतर पारंपरिक वननिवासींना आहे. आपण 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासूनचा ताबा दाखवायचा. नियम 13 मध्ये जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ हा पुरावा आहे, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लिहून घेतलेलं सांगणं हाही पुरावा आहे. 2012 च्या सुधारित नियमांत लिहिलंय की अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही. दंडाची पावती किंवा अतिक्रमणाची यादी आहे, नाही, एवढ्यावरून दावा फेटाळता येत नाही. ग्रामसभेच्या ठरावात काही अपुरं वाटलं तर तो फेरविचाराला ग्रामसभेकडेच पाठवायचा. फेटाळलाच, तर कारण लेखी द्यायचं, आणि आपल्याला 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी एवढं करा :

1. नुसत्या नावावर कुठलाही कागद लावू नका. बापाचं नाव, पाडा, भाऊ, शेजारच्या प्लॉटवाल्याचं नाव, यातल्या दोन गोष्टी तरी जुळल्या पाहिजेत.

2. प्रत्येक कागदावर बघा : कधी लिहिला, कुणी लिहिला, कुणाच्या सांगण्यावरून. घटनेच्या वेळची नोंद आणि वीस वर्षांनी ऐकून केलेली नोंद सारखी धरू नका.

3. म्हाताऱ्या बायांना विचारा. कोण कुठून आली, कुणाचं कोण, कोण कधी गेलं, हे त्यांना पाठ असतं. वनहक्क समितीनं ते लिहून घ्यावं, वाचून दाखवावं, मग अंगठा घ्यावा.

4. लख्या, लखमा, लक्ष्मण हा एकच माणूस, असा ठराव ग्रामसभेत सगळ्यांसमोर करा आणि पुराव्यासकट दाव्याला जोडा.

5. आणि दुसऱ्याचा आजा आपला म्हणून लावू नका. एक कागद जास्त मिळेल, पण शेजारच्याचा दावा बुडेल आणि पाड्यात फूट पडेल. ती फूट वरच्यांना हवीच आहे.

आमचा दावा आम्ही पुन्हा घातलाय. खालच्या पाड्याच्या लखमाची नक्कल त्याच्या नातवाला नेऊन दिली. त्याला ती कुठं सापडत नव्हती. आता दोघं मिळून तालुक्याला जाणार आहोत. तुमच्याकडचे असे परत आलेले दावे घेऊन तुम्हीही या, एकेकटे जाऊ नका.

जिंदाबाद!