फोडणीवर फोडणी

मल्टिइफेक्ट्स युनिट घेतलं, हेडफोनवर वाजवलं तर झकास, आणि अँपला लावलं की आवाज एकदम किनरा! हौशी गिटारवाल्यांमध्ये ही तक्रार इतकी कॉमन आहे की तिच्या जोरावर दुकानदारांची नवीन अँप्स खपतात. माझं स्पष्ट मत असं, की दहातल्या आठ वेळा बिघाड ना पेडलमध्ये असतो ना अँपमध्ये. आपण एकच काम दोघांकडून करून घेत असतो.

जरा नीट बघू. युनिटमधला प्रीसेट म्हणजे फक्त डिस्टॉर्शन आणि डिले नव्हे. त्यात आख्ख्या अँपची नक्कल असते, शिवाय स्पीकरच्या खोक्याची म्हणजे कॅबिनेटची आणि समोर धरलेल्या माइकचीसुद्धा. हेडफोनला किंवा पीएला हे सगळं लागतं, कारण त्यांचा स्वतःचा रंग फारसा नसतो. गिटार अँपचं तसं नाही. फेंडर पद्धतीच्या अँपमध्ये बास, मिड, ट्रेबल तिन्ही नॉब मध्यावर ठेवले तरी मधल्या फ्रिक्वेन्सी खाली गेलेल्या असतात. वर त्याचा १२ इंची स्पीकर साधारण ५ हजार हर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. आता नकली अँप असली अँपमध्ये घातला, की मिड दोनदा खणले जातात. म्हणून पातळ. आणि स्पीकरची चाळणी दोनदा लागते, म्हणून डब्यातून आल्यासारखा. युनिकोडचा मजकूर दोनदा एन्कोड केल्यावर जी अगम्य अक्षरं दिसतात ना, अगदी तीच गत. :-)

म्हणून पहिलं काम, कॅबिनेटची नक्कल बंद करा. बहुतेक युनिट्समध्ये 'आउटपुट' नावाचा एक ग्लोबल मेनू असतो, तिथे कुठे जोडताय ते सांगता येतं. सगळे प्रीसेट एका फटक्यात सुधारतात. हा मेनू मॅन्युअलमध्ये कुठल्यातरी मागच्या पानावर का असतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. पहिल्या पानावर ठळक छापा की राव!

अँपच्या मागे 'इफेक्ट्स लूप'चं 'रिटर्न' जॅक असेल तर तिथे घुसा. अँपचा प्रीअँप पूर्ण टळतो आणि युनिटमधली अँपची नक्कल सुखाने चालू ठेवता येते. फक्त आधी युनिटचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. काही अँप्समध्ये मास्टर नॉब या जॅकच्या अलीकडे असतो, म्हणजे आवाज आवरायला तुमच्या हातात फक्त युनिटचाच नॉब उरतो. शेजाऱ्यांचा विचार करा.

लूप नसेल तर क्लीन चॅनल, गेन कमी, अँपची नक्कलही बंद. फेंडर पद्धतीच्या अँपवर बास आणि ट्रेबल जवळजवळ तळाला आणि मिड पूर्ण वर, ही सेटिंग दिसायला विचित्र, पण सर्वांत सपाट तीच. बाकी फुटकळ गोष्टी: एकच केबल असेल तर ती 'लेफ्ट/मोनो'लाच लावायची, आणि हेडफोनच्या जॅकमधून अँपला जोडायचं नाही.

माझा एक मित्र एवढं सगळं करूनही वैतागला होता. अँप विकायची जाहिरात लिहून तयार! त्याचे प्रीसेट बघितले तर सगळे रात्री अकरानंतर, घरचे झोपल्यावर, हळू आवाजात बनवलेले. फ्लेचर आणि मन्सन या जोडगोळीने १९३३ सालीच दाखवून दिलं होतं की आवाज हळू असला की कानाला बास आणि अगदी वरचा ट्रेबल कमी ऐकू येतो. मग आपण ते दोन्ही वाढवतो, मिड उतरवतो, आणि खोलीत एकट्याला ते भारी वाटतं. बँडमध्ये मात्र खालची जागा बास गिटारने घेतलेली, वरची झांजांनी. गिटारला राहायला मिडच काय ते उरतं, आणि तेच आपण काढून टाकलेलं!

तेव्हा प्रीसेट प्रॅक्टिस रूममध्ये, सगळे वाजवत असताना लावा. गेन घरच्यापेक्षा निम्मा, रिव्हर्ब नावापुरता, मिड वर. एकट्याने ऐकलं तर नाकात बोलल्यासारखं वाटेल, वाटू दे. ड्रमरला विचारा, गिटार ऐकू येतंय का. त्याला खोटं बोलून काही मिळत नाही.