मुलीचा गुडघा आणि बास्केटबॉलचे मैदान

परवा एक गृहस्थ आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. बास्केटबॉलच्या सामन्यात उडी मारून खाली येताना तिचा गुडघा आत वळला, 'कट्' असा आवाज झाला आणि रात्रीपर्यंत गुडघा टम्म सुजला. चार दिवस लेप आणि चोळणे झाले होते. मी एमआरआय काढायला सांगताच वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता हिचा खेळ बंद. मुलींना हे झेपत नाही." मुलगी खाली मान घालून रडत होती.

त्यांना जे सांगितले तेच वाचकांना सांगतो.

एकोणीस वर्षांखालील मुलींची जागतिक बास्केटबॉल स्पर्धा १९८५ पासून भरते. २०१९ साली ती बँकॉकला झाली. अंतिम सामन्यात अमेरिकेने ऑस्ट्रेलियाला जादा वेळेत ७४-७० असे हरवले. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली सतरा वर्षांची पेज ब्युकर्स. ऑगस्ट २०२२ मध्ये याच मुलीच्या डाव्या गुडघ्यातील एसीएल हे लिगामेंट फाटले. शस्त्रक्रिया झाली, सबंध हंगाम गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती मैदानात परतली. एप्रिल २०२५ मध्ये तिच्या संघाने अमेरिकेतील विद्यापीठांचे अजिंक्यपद मिळवले आणि त्याच महिन्यात व्यावसायिक लीगच्या खेळाडू निवडीत पहिले नाव तिचे निघाले. तिचा खेळ कोणी बंद केला नाही. तिच्या गुडघ्याला वेळ दिला.

एसीएल म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड बांधून ठेवणारी गुडघ्याच्या आतली दोरी. उड्या आणि अचानक वळणे असलेल्या खेळांत ती मुलांपेक्षा मुलींमध्ये दुपटीहून अधिक वेळा तुटते, आणि बहुधा कोणाचा धक्का न लागता. कारणे अनेक आहेत, पण मुख्य म्हणजे उडीनंतर गुडघे ताठ ठेवून किंवा आत झुकवून उतरण्याची सवय. ही सवय बदलता येते. गुडघे वाकवून, पावलांच्या रेषेत ठेवून हलके उतरणे, मांडीच्या मागच्या व कमरेच्या स्नायूंचे व्यायाम, तोल सांभाळण्याचा सराव, एवढे पंधरा-वीस मिनिटे, आठवड्यातून दोन-तीनदा नियमित केले तर अशा दुखापती जवळजवळ निम्म्याने कमी होतात. याला पैसा लागत नाही. तरीही आपल्याकडे मुलींना मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावून थेट सामन्यात उतरवले जाते. दोष आहे तो इथे, मुलीच्या जातीत नव्हे.

पालकांनी एवढे लक्षात ठेवावे. गुडघ्यात आवाज येऊन काही तासांत सूज आली तर खेळ तिथेच थांबवावा. बर्फाने शेकावे, गुडघा उंच ठेवावा, चोळू नये. साध्या एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, म्हणून "हाड शाबूत आहे" एवढ्यावर निर्धास्त राहू नये. शस्त्रक्रिया झालीच तर किमान नऊ महिने सामना नाही, मग जिल्ह्याची निवड चाचणी का असेना.

ती मुलगी निघताना विचारत होती, "डॉक्टरकाका, मी परत खेळेन ना?" मी तिच्या वडिलांकडे पाहिले. त्याचे उत्तर माझ्यापेक्षा त्यांच्या हातात जास्त आहे.