शेवटच्या माणसाची भाषा

पृथ्वीवर एकच माणूस उरला, तर त्याने बोलावे कोणाशी? डेव्हिड मार्क्सन या अमेरिकन लेखकाच्या 'विट्गेनस्टाइन्स मिस्ट्रेस' (१९८८) या कादंबरीपुढे हाच प्रश्न आहे. आपण एकट्याच उरलो आहोत असे मानणारी केट ही चित्रकर्ती टंकलेखन यंत्रावर लिहीत बसते. हे हस्तलिखित ५४ वेळा नाकारले गेले होते. एकेका वाक्याचे परिच्छेद, ना संवाद, ना कथानक. अशा लेखनाला दुर्बोधतेचे सोंग म्हणणारे पुष्कळ असतात. परंतु संवादाला आणि संघर्षाला दुसरा माणूस लागतो. तोच नाहीसा झाल्यावर कादंबरीचा रूढ साचा टिकावा कसा? मेरी शेलीने 'द लास्ट मॅन'मध्ये (१८२६) मानवजातीचा अंत सविस्तर वर्णिला. मार्क्सनने त्यानंतरचा एकांत तेवढा लिहिला. येथे प्रयोग ही हौस नसून गरज आहे. केटच्या आठवणी चुकतात, ती त्या दुरुस्त करते आणि पुन्हा चुकते. पण लिहिणे थांबवीत नाही. वाचणारा कोणी नसताना लिहीत राहणे म्हणजे त्याची वाट पाहणेच होय. भर गर्दीत ज्यांचे कोणी ऐकत नाही, त्यांना ही भाषा परकी वाटू नये. पुस्तक कठीण म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी एवढा विचार अवश्य करावा.