किटल्यांचा कॅरिअर लपवू नका, लिहून द्या!



पहाटे डेअरीसमोर उभ्या असलेल्या मोटारसायकली पाहा. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायचे लोखंडी कॅरिअर, गावच्या वेल्डिंगवाल्याने बसवलेले. ही हौस नव्हे, धंद्याची गरज आहे. कारखान्याने गाडी काढली माणसे बसायला. दूध, चारा आणि फवारणीचा पंप वाहायला ती आपण पदरच्या पैशाने लायक केली.

विमा उतरवताना एजंट फक्त गाडीचा नंबर आणि पैसे मागतो. हप्ता घेताना न दिसलेला कॅरिअर अपघातानंतर सर्व्हेअरला मात्र लांबूनच दिसतो!

"सांगितले तर हप्ता वाढेल, गप्प बसा," असे आपलेच काही जण म्हणतात. हे शहाणपण शेत विकायला लावील. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई टाळायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० ने कंपनीला मोजकीच कारणे दिली आहेत. त्यातले एक म्हणजे महत्त्वाची बाब लपवून विमा घेतला. हे हत्यार आपण होऊन कंपनीच्या हाती का द्यावे?

पण सगळे बदल एका मापाने मोजू नका. नट-बोल्टने लावलेला कॅरिअर वेगळा आणि चासी कापून गाडी तीनचाकी करणे वेगळे. मूळ रचना बदलून आरसी बुकाशी गाडी जुळेनाशी करायला कलम ५२ ची मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. अशा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. विमा कंपनीला कळवल्याने बेकायदा बदल कायदेशीर होत नाही.

आता कंपन्यांना सवाल. कीटकनाशकाचे माहितीपत्रक प्रादेशिक भाषेतही छापण्याची सक्ती १९७१ च्या नियमांनी केली. मग आमच्या हातात पडणारी पॉलिसी बारीक इंग्रजीत का? "गाडीला जादा काय बसवले आहे?" हा प्रश्न अर्जावर ठळक मराठीत छापा. कॅरिअर चालतो की नाही, हे लेखी सांगा. खाजगी म्हणून विमा उतरवलेली गाडी भाड्याने वापरली, तरी दावा सरसकट फेटाळू नका, ७५ टक्क्यांपर्यंत भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले. मग कॅरिअरचा अपघाताशी संबंध नसताना दूधवाल्याच्या हातावर भोपळा कशासाठी?

तोवर आपले काम आपण करू. कॅरिअरचे वर्णन व किंमत लिहून कंपनीला अर्ज द्या आणि शिक्क्याची पोच घ्या. एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका. दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तेथे फी नाही, वकीलही लागत नाही.

जिल्हा बैठकीला येताना आरसी बुक आणि पॉलिसी बरोबर आणा. अर्ज तेथेच, सगळे मिळून लिहू.